भूमिगत वाहिन्या आणि सुरक्षित खोदाई : नोंद, शोध आणि तपासखड्डा

प्रस्तावना

३० नोव्हेंबर २०२३ रोजी मुंबईत अंधेरी (पूर्व) येथील सीप्झ परिसरात मेट्रो मार्गाच्या कामासाठी जमिनीत वेधन चालू असताना १,८०० मिलिमीटर व्यासाची मुख्य जलवाहिनी फुटली आणि पश्चिम उपनगरांतील अनेक भागांचा पाणीपुरवठा काही दिवस विस्कळीत झाला. त्याच वर्षी मार्चअखेरीस मुंबईत पंधरा टक्के पाणीकपात लागू करावी लागली होती. तिचे कारण ठाण्यात होते. तेथे विंधन विहीर खोदताना महापालिकेच्या जलबोगद्याला छिद्र पडले होते आणि त्याच्या दुरुस्तीसाठी बोगदा बंद ठेवणे भाग होते. ज्या वाहिनीत माणूस उभा राहू शकेल, तिचे अस्तित्व तिच्या मालकास अज्ञात असणे संभवत नाही. जलबोगद्याची गोष्ट तर दूरच. या दोन्ही ठिकाणी माहिती होती. ती वेधनयंत्र चालविणाऱ्या हातापर्यंत वेळेवर आणि पुरेशा अचूकतेने पोहोचली नाही, एवढेच.

भूमिगत वाहिन्यांच्या अपघातांकडे सामान्यतः मजुराचा निष्काळजीपणा म्हणून पाहिले जाते. वस्तुतः कुदळ केबलला लागते तो क्षण ही साखळीतील शेवटची कडी असते. प्रस्तुत लेखात त्या आधीच्या कड्यांचा, म्हणजे वाहिनीची नोंद, तिचा शोध आणि तिचे प्रत्यक्ष दर्शन यांचा विचार केला आहे.

नोंद आणि तिच्या मर्यादा

वाहिनी किती खोल पुरावी याविषयी मानके उपलब्ध आहेत. भारतीय मानक आय.एस. १२५५ (१९८३) नुसार कमी दाबाच्या वीजकेबलवर किमान ०.७५ मीटर, ३.३ ते ११ किलोव्होल्टच्या केबलवर ०.९० मीटर आणि २२ व ३३ किलोव्होल्टच्या केबलवर १.०५ मीटर मातीचे आच्छादन असावे. शहरांतर्गत गॅसवाहिन्यांच्या बाबतीतही सर्वसाधारण अपेक्षा एक मीटरची आहे. हे आकडे अनेकदा 'तीन फुटांपर्यंत काही लागत नाही' अशा समजुतीच्या रूपाने कामावर पोहोचतात, आणि ही समजूत घातक ठरते. मानकातील खोली ही वाहिनी पुरली त्या दिवशीच्या जमिनीपासून मोजलेली असते. त्यानंतर रस्त्यावर डांबराचे थर चढतात, कधी ते खरवडले जातात, पदपथ खाली जातो, उतार बदलतो. दख्खनच्या पठारावर तर हातभर मातीखाली मुरूम आणि त्याखाली काळा कातळ लागतो. तो फोडण्याऐवजी केबल वरच बसवून सिमेंट ओतण्याचा मोह होतो. नकाशावर मात्र प्रमाणित खोलीच लिहिली जाते.

आडव्या अंतराची कथा निराळी नाही. जुन्या आराखड्यात वाहिनी 'कुंपणभिंतीपासून सहा फुटांवर' दाखविलेली असते. रस्तारुंदीकरणात ती भिंत मागे सरकलेली असते, अथवा नाहीशीच झालेली असते. मुंबईत विहार तलावाचे पाणी नळाने शहरात येऊ लागले ते १८६० मध्ये. तेव्हापासूनच्या जमिनीत बीड, पोलाद, काँक्रीट आणि प्लास्टिक अशा साऱ्या पिढ्या एकमेकींवर निजलेल्या आहेत, आणि प्रत्येक पिढीच्या नोंदी वेगळ्या कार्यालयात आहेत.

नोंदी एकत्र आणण्याचे प्रयत्न अनेक देशांत झाले. अमेरिकेत मे २००७ पासून ८११ हा एकच दूरध्वनी क्रमांक देशभर लागू झाला. त्यावर पूर्वसूचना दिली की संबंधित संस्थांचे कर्मचारी येऊन जमिनीवर रंगाने खुणा करतात : विजेसाठी तांबडा, गॅससाठी पिवळा, दूरसंचारासाठी नारिंगी, पिण्याच्या पाण्यासाठी निळा, सांडपाण्यासाठी हिरवा. नेदरलँड्सने २००८ मध्ये यांत्रिक खोदाईपूर्वी माहिती मागविणे कायद्याने बंधनकारक केले. भारतात दूरसंचार विभागाने भास्कराचार्य राष्ट्रीय अवकाश उपयोजन व भूमाहितीशास्त्र संस्थेच्या साहाय्याने तयार केलेले 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप २२ मार्च २०२३ रोजी सुरू झाले. असमन्वित खोदाईमुळे देशाचे दरवर्षी सुमारे ३,००० कोटी रुपयांचे नुकसान होते, असे शासनाने त्या वेळी नमूद केले होते. खोदणाऱ्याने जागा नोंदवायची आणि त्या परिसरातील मालमत्ताधारकांस संदेश जायचा, अशी ही रचना आहे. संदेश जाणे आणि जमिनीवर खूण होणे यांतील अंतर मात्र ॲप भरून काढू शकत नाही. ते काम वाहिनीच्या मालकालाच माणूस पाठवून करावे लागते.

खनिज तेल व वायूच्या आंतरराज्य वाहिन्यांची स्थिती तुलनेने बरी आहे. १९६२ च्या पेट्रोलियम व खनिज वाहिनी अधिनियमाच्या कलम ९ अन्वये वाहिनीच्या पट्ट्यात इमारत बांधणे, विहीर वा तळे खणणे, झाड लावणे यांस मनाई आहे, आणि शेतांतून दिसणारे खुणेचे खांब त्याची जाणीव देतात. शहरातील पदपथावर असा पट्टा राखणे शक्य नसते.

महाविद्यालयांच्या आवाराचा येथे स्वतंत्र उल्लेख करणे आवश्यक आहे. सार्वजनिक संस्थांची नोंद साधारणतः मीटरपाशी अथवा फाटकापाशी संपते. रोहित्रापासून वसतिगृहाकडे गेलेली केबल, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेस सिलिंडरगृहातून जाणारी गॅसनळी, विंधन विहिरीच्या पंपाची वायर, ग्रंथालयापर्यंत ओढलेली संगणकजाळ्याची तार यांचा मालक महाविद्यालयच असते. त्यामुळे ती कोणत्याही ॲपवर सापडत नाहीत. बहुधा त्यांची माहिती एखाद्या ज्येष्ठ शिपायाच्या स्मरणात असते, आणि तो निवृत्त झाला की नकाशाही निवृत्त होतो. वृक्षारोपणाचे खड्डे, क्रीडांगणाचे खांब, पर्जन्यजलसंधारणाचे चर हे सारे 'किरकोळ' काम याच अनोळखी जमिनीत केले जाते, आणि पुष्कळदा राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांच्या हातून. इमारत समितीने नव्या कामाचे देयक मंजूर करताना चर उघडा असतानाचे छायाचित्र आणि कायम खुणांपासूनची मोजमापे मागितली, तर ही उणीव फारशा खर्चाविना भरून निघू शकते.

शोधयंत्र काय पाहते

नोंदीनंतरची पायरी म्हणजे यंत्राने शोध. केबलशोधक यंत्र केबल पाहत नाही, केबलमधील विद्युतप्रवाहामुळे निर्माण झालेले चुंबकीय क्षेत्र पाहते. यंत्राच्या साऱ्या उणिवा या एका गोष्टीतून निघतात. पथदिव्यांची केबल दुपारी भारित नसल्याने भर उन्हात तिचा मागमूस लागत नाही. त्रिकला केबलमध्ये तिन्ही प्रवाह समतोल असतील, तर त्यांची क्षेत्रे एकमेकांस जवळजवळ रद्द करतात आणि जिवंत केबल मूक राहते. म्हणून केवळ 'वीज' स्थितीत यंत्र फिरवून समाधान मानू नये. दूरच्या रेडिओ लहरींमुळे धातूच्या वाहिनीत उमटणारे क्षीण प्रवाह टिपणारी दुसरी स्थिती वापरावी आणि शक्य तेथे संकेतजनित्र जोडून वाहिनीत मुद्दाम संकेत सोडावा. गॅसची पॉलिइथिलीन नळी आणि धातूचे आवरण नसलेली प्रकाशतंतू केबल या यंत्रास दिसतच नाहीत. सोबत शोधतार पुरली असेल तरच त्यांचा माग लागतो.

अशा अधातू वाहिन्यांसाठी भूवेधी रडार वापरले जाते. त्याच्या लहरी कोरड्या वाळूत खोल जातात, परंतु ओल्या चिकणमातीत लवकर विरतात. महाराष्ट्राच्या मोठ्या भागात काळी कापसाची माती आहे, ती चिकणमातीयुक्त आहे आणि पावसाळ्यात पाणी धरून ठेवते. परदेशी माहितीपत्रकातील खोलीचे आकडे या मातीत जसेच्या तसे अपेक्षिणे योग्य नव्हे.

अमेरिकन सोसायटी ऑफ सिव्हिल इंजिनिअर्स या संस्थेने २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आणि २०२२ मध्ये सुधारलेल्या मानकात भूमिगत माहितीच्या चार प्रती मानल्या आहेत. केवळ कागदी नोंद ही सर्वांत खालची प्रत. झाकणे, व्हॉल्व्ह, खांब अशा पृष्ठभागावरील खुणांशी ती पडताळली की एक पायरी वर, यंत्राने शोधली की आणखी एक. सर्वांत वरची प्रत एकच : वाहिनी प्रत्यक्ष उघडी करून पाहिलेली.

तपासखड्डा

वाहिनी उघडी करण्याचे साधन म्हणजे हाताने घेतलेला तपासखड्डा. हे काम जुनाट भासते, आणि कंत्राटाच्या दरपत्रकात त्यास बहुधा स्वतंत्र स्थान नसते. खरा अडथळा तेथेच आहे. ज्या कामाचे पैसे मिळत नाहीत ते काम मुकादमाने घाईत उरकले, तर दोष एकट्या मुकादमाचा मानता येत नाही. खड्डा संशयित वाहिनीच्या थेट माथ्यावर न घेता बाजूस घ्यावा आणि मग आडव्या दिशेने मातीची पातळ पापुद्री काढीत वाहिनीकडे सरकावे. फावडे दाबून सारावे, उगारून मारू नये. टिकाव आणि पहार वरचे डांबर वा काँक्रीट फोडण्यापुरतीच वापरावी. त्याखाली टोकदार अवजार जोराने मारणे म्हणजे केबलच्या आवरणाशी जुगार खेळणे होय. जेसीबीचा दात त्याहून वाईट, कारण चालकाच्या हाताला मातीतील फरक जाणवतच नाही. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत खुणेच्या दोन्ही बाजूंस १८ ते २४ इंचांचा पट्टा सावधगिरीने खोदण्यासाठी राखलेला असतो.

मातीही काही सांगत असते. पठारावरील मुरमात अकस्मात बारीक स्वच्छ वाळू लागली, तर ती तेथे निसर्गाने आणलेली नसते. ओळीने लावलेल्या आडव्या विटा, काँक्रीटच्या फरशा, प्लास्टिकची इशारापट्टी ही वाहिनी खाली असल्याची चिन्हे आहेत. वाहिनीपर्यंत पोहोचण्यापूर्वीच ती हाती लागतात. मात्र त्यांचा अभाव हा निर्धोकपणाचा पुरावा नव्हे, कारण एकदा दुरुस्तीसाठी उघडलेल्या चरात विटा पुन्हा लावल्या जातातच असे नाही. रंगाचेही तसेच. पिवळी नळी गॅसची समजावी हे ठीक, परंतु गंजलेली लोखंडी नळी पाण्याची असेलच असे नाही; तिच्या आत केबल ओढलेली असू शकते.

वाहिनी सापडल्यावर काम सुरक्षित झाले असेही समजू नये. उघडी केबल लोंबकळत ठेवल्यास तिचे जोड ओढले जातात, म्हणून तिला आधार द्यावा आणि चरात उतरण्यासाठी तिच्यावर पाय देऊ नये. मोठ्या जलवाहिनीच्या वळणावर पाण्याचा रेटा पेलण्यासाठी काँक्रीटचा ठोकळा असतो, आणि तो ठोकळा मागच्या मातीवर टेकलेला असतो. ती माती काढली की वाहिनीस धक्काही न लावता जोड निखळू शकतो.

आघात झाल्यावर

केबलला अवजार लागल्यास निर्माण होणाऱ्या विद्युतज्योतीचे तापमान हजारो अंश सेल्सिअस असते. हात आणि चेहरा भाजतो तो मुख्यतः तिच्यामुळे. वीज गेलेली दिसली तरी केबल मृत मानू नये, कारण उपकेंद्रातील यंत्रणा प्रवाह पुन्हा सुरू करू शकते. जेसीबीचा चालक आत असेल तर आग लागल्याखेरीज त्याने उतरू नये. उतरावेच लागले तर यंत्र आणि जमीन यांना एकाच वेळी स्पर्श न करता, पाय जुळवून उडी घ्यावी आणि लहान पावलांनी दूर जावे. गॅसवाहिनी फुटल्यास परिसर रिकामा करणे, यंत्र वा भ्रमणध्वनी न हाताळणे आणि गॅस कंपनी व अग्निशमन दलास दूरवरून कळविणे एवढेच खोदणाऱ्याचे काम. माती लोटून गळती बुजविण्याचा प्रयत्न विशेष घातक, कारण दबलेला वायू सांडपाण्याच्या नळ्या आणि केबलमार्गांतून शेजारच्या इमारतीत शिरतो. शिवाय मातीतून जाताना त्याचा मिसळलेला वासही कमी होऊ शकतो.

फुटलेली वाहिनी निदान स्वतःची वार्ता देते. न फुटलेली देत नाही. ३० जुलै २००४ रोजी बेल्जियममधील गिलंगिएँ येथे उच्चदाबाच्या नैसर्गिक वायुवाहिनीचा स्फोट होऊन २४ जण मृत्युमुखी पडले व १३२ जखमी झाले. गळतीची खबर मिळून आलेले अग्निशामकही मृतांत होते. जवळच कारखान्याचे बांधकाम चालू होते, आणि त्या कामातील यंत्राने काही आठवड्यांपूर्वी वाहिनीचे पोलाद खरवडले गेले होते. वायू बाहेर आला नाही, काम थांबले नाही, वाहिनीवर पुन्हा माती आली. पुढे वाहिनीतील दाब वाढविला गेला तेव्हा खरवडून पातळ झालेली भिंत तो सोसू शकली नाही.

ओरखड्याची वर्दी त्याच दिवशी गेली असती, तर दाब उतरवून तेवढा भाग तपासणे वा बदलणे हे नेहमीच्या देखभालीतील काम ठरले असते. वर्दी न जाण्याचे कारण शोधण्यास बेल्जियमपर्यंत जाण्याची गरज नाही. नुकसानभरपाई कंत्राटदाराच्या देयकातून आणि शेवटी मजुराच्या रोजातून कापली जाणार असेल, तर ओरखडा मातीखाली झाकणे हेच त्यास शहाणपणाचे वाटते. म्हणून चर बुजविण्यापूर्वी उघड्या वाहिनीची पाहणी तिच्या मालकाच्या प्रतिनिधीने करावी, आवरणावरील लहानसा छेदही लेखी नोंदवावा, आणि न फुटलेल्या वाहिनीची वर्दी स्वतःहून देणाऱ्यावर दंड आकारला जाणार नाही, असे कलम खोदाईच्या परवान्यातच छापावे.