कटऑफ कसा वाचायचा, शक्यता कशी मोजायची

इंजिनिअरिंग प्रवेशासाठीच्या एमएचटी-सीईटीचा निकाल लागला की घरोघरी तेच प्रश्न सुरू होतात. एवढ्या पर्सेंटाइलला पुण्याचे सीओईपी मिळेल का? मुंबईच्या व्हीजेटीआयला कॉम्प्युटर नाही तर नाही, निदान इलेक्ट्रॉनिक्स? क्लासचे सर, शेजारी, गावाकडचे काका यांतला प्रत्येक जण ठाम उत्तर देतो आणि दोघांचे उत्तर सहसा जुळत नाही. खरे तर याचा अंदाज घरीच, वही-पेन घेऊन काढता येतो. राज्याचा सीईटी सेल दरवर्षी कॅपच्या, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, प्रत्येक फेरीनंतर प्रत्येक कॉलेजच्या प्रत्येक शाखेचा कटऑफ जाहीर करतो. ही यादी कुणालाही फुकट बघता येते. ती वाचायची कशी, एवढेच शिकायचे आहे.

पर्सेंटाइल नव्हे, गुणवत्ता क्रमांक

सीईटी अनेक सत्रांत होते आणि प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका वेगळी असते. म्हणून थेट गुणांची तुलना न करता पर्सेंटाइल काढतात. ९८ पर्सेंटाइल म्हणजे त्या सत्राला बसलेल्या शंभरांपैकी ९८ जणांना तुमच्याइतके किंवा तुमच्यापेक्षा कमी गुण आहेत. म्हणजे साधारण दोन टक्के मुले तुमच्या पुढे आहेत.

दोन टक्के म्हणजे नक्की किती, हे परीक्षेला किती जण बसले यावर ठरते. २०२४ मध्ये पीसीएम (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित) गटाची परीक्षा सुमारे तीन लाख मुलांनी दिली, २०२५ मध्ये हा आकडा चार लाखांवर गेला. त्यामुळे ९८ पर्सेंटाइलच्या पुढे २०२४ मध्ये सहा हजारांच्या आसपास मुले होती, तर २०२५ मध्ये आठ हजारांहून जास्त. पर्सेंटाइल तोच राहिला, पण रांगेतली जागा दोन हजारांनी मागे सरकली. गेल्या वर्षी ताईला ज्या पर्सेंटाइलवर अमुक कॉलेज मिळाले, त्याच पर्सेंटाइलवर यंदा धाकट्याला मिळेल असे म्हणूनच म्हणता येत नाही.

जागा भरतात त्या गुणवत्ता क्रमांकाने. कॅपसाठी नोंदणी आणि कागदपत्रांची पडताळणी झाली की आधी तात्पुरती आणि मग अंतिम गुणवत्ता यादी लागते. त्या यादीतला तुमचा क्रमांक वहीच्या पहिल्या ओळीवर लिहा. पुढची सगळी तुलना त्याच्याशीच करायची.

एक चौकट नीट वाचू

कटऑफच्या यादीत प्रत्येक शाखेखाली चौकटींचा तक्ता असतो. चौकटीत वर एक पूर्ण आकडा असतो आणि त्याखाली कंसात पर्सेंटाइल, बरेच दशांश असलेला. बहुतेकांची नजर कंसातल्या आकड्यावर जाते, पण कामाचा आकडा वरचा आहे. समजा तिथे ३१४० लिहिले आहे. याचा अर्थ त्या फेरीत त्या प्रकारची शेवटची जागा ३१४० व्या क्रमांकाच्या विद्यार्थ्याला मिळाली. कॉलेजने ही अट घातलेली नसते. जागा भरत गेल्या आणि जिथे संपल्या, तो हा क्रमांक. त्या वर्षीच्या मुलांच्या निवडीतून तो तयार झालेला असतो, म्हणून दरवर्षी हलतो.

चौकटीच्या डोक्यावर इंग्रजी अक्षरांचे एक जोडनाव असते. त्याचे बहुतेक वेळा तीन भाग पडतात. पहिले अक्षर जी असेल तर सर्वसाधारण जागा, एल असेल तर मुलींसाठी राखीव. मधला भाग प्रवर्ग सांगतो: ओपन, ओबीसी, एससी, एसटी, एनटी वगैरे. शेवटचे अक्षर एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे त्या विद्यापीठाबाहेरचे विद्यार्थी आणि एस म्हणजे राज्यस्तर.

शेवटच्या अक्षरावर बरेच जण चुकतात. होम युनिव्हर्सिटी ठरते ती बारावी कुठल्या जिल्ह्यातून झाली त्यावरून. नाशिकला बारावी झालेल्या मुलीसाठी पुण्याचे विद्यापीठ घरचे आहे. साताऱ्याच्या मुलाचे होम विद्यापीठ मात्र कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ. पुण्यातल्या ज्या कॉलेजात एच आणि ओ असे भाग आहेत, तिथे साताऱ्याच्या मुलाने ओ ची चौकट बघायची. एच ची बघून केलेला हिशेब त्याच्या उपयोगाचा नाही.

राखीव प्रवर्गातल्या विद्यार्थ्याने दोन्ही चौकटी बघाव्यात, आपल्या प्रवर्गाची आणि ओपनचीही, कारण गुणवत्तेवर ओपनची जागा त्यालाही मिळते. मुलींनीही जी आणि एल दोन्ही तपासाव्यात. ज्यांचा जेईई मेनचा स्कोअर चांगला आहे, त्यांनी ऑल इंडिया जागांचा रकाना विसरू नये. त्या जागांची गुणवत्ता यादी वेगळी असते.

तीन वर्षांचे तीन आकडे

आता हव्या त्या शाखेसाठी आपल्या चौकटीतले मागच्या तीन वर्षांचे क्रमांक ओळीने लिहा. समजा ते २७५०, ३१४० आणि २९६० आहेत. सर्वांत कडक वर्ष २७५० चे, सर्वांत सैल ३१४० चे.

तुमचा क्रमांक २७५० च्या आत असेल तर जागा बऱ्यापैकी तुमच्या आवाक्यात आहे. २७५० आणि ३१४० च्या मधे असेल तर तुम्ही काठावर आहात, कुठलाही निकाल लागू शकतो. ३१४० च्या पलीकडे असाल तर ती आशा आहे. आशाही फॉर्ममध्ये लिहायची, फक्त तिच्यावर विसंबायचे नाही.

हा अंदाज बिघडवणाऱ्या गोष्टी तीन. पहिली, जागांची संख्या. एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने २०२४-२५ पासून चांगल्या कॉलेजांसाठी शाखेमागच्या जागांची वरची मर्यादा काढली आणि अनेक ठिकाणी कॉम्प्युटरच्या तुकड्या वाढल्या. साठाच्या एकशेवीस जागा झाल्या तर जुना क्रमांक गैरलागू होतो. म्हणून यंदाच्या जागा आधी तपासा. दुसरी, छोटी चौकट. एनटी-डी प्रवर्गाला दोन टक्के आरक्षण आहे, म्हणजे साठ जागांत जेमतेम एक जागा. एका विद्यार्थ्याने दुसरे कॉलेज घेतले तरी तिथला आकडा हजारांनी उडतो. अशा चौकटीवरून ठाम काहीच बोलू नये. तिसरी, फेरी. आयआयटी-एनआयटीकडे गेलेल्यांच्या जागा रिकाम्या होतात आणि नंतरच्या फेऱ्यांत यादी खाली सरकते. पहिल्या फेरीची तुलना पहिल्या फेरीशीच करा, शेवटच्या फेरीचा आकडा वेगळ्या ओळीवर ठेवा.

आणि हे सगळे कागदपत्रांवर उभे आहे. जातवैधता, नॉन-क्रिमीलेयर, ईडब्ल्यूएस, यांतले लागू असलेले प्रमाणपत्र मुदतीत दिले नाही, तर विद्यार्थी ओपनमध्ये मोजला जातो आणि वहीतली सगळी बेरीज मोडते. निकालाची वाट न बघता हे काम आधी उरका.

शक्यता कळली, आता क्रम

इथे सगळ्यांत मोठी चूक होते. "तिथे काही लागणार नाही, मग पहिला नंबर का वाया घालवायचा?" असे म्हणून पालक आवडते कॉलेज खाली ढकलतात. पण नंबर वाया जात नाही. संगणक गुणवत्ता यादीत वरून खाली येतो. तुमची पाळी आली की तुमचे पर्याय पहिल्यापासून वाचतो आणि ज्या पहिल्या पर्यायात तुमच्यासाठी जागा शिल्लक आहे, ती देतो. वरचे चार पर्याय भरलेले निघाले म्हणून पाचव्या पर्यायातला तुमचा हक्क जराही कमी होत नाही. म्हणून क्रम लावायचा तो आवडीने. शक्यतेचा हिशेब लागतो तो यादी किती लांब न्यायची हे ठरवायला: काही आशेचे, बरेच काठावरचे आणि तळाशी पुरेसे खात्रीचे पर्याय.

वरच्या पर्यायांबाबत मात्र जपून. २०२५ च्या नियमांत पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला तर तो घेणे बंधनकारक होते. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी कुठलाही मिळाला तरी तेच. नियम दरवर्षी बदलू शकतात, तेव्हा यंदाची माहितीपुस्तिका वाचाच.

फॉर्म लॉक करण्याआधी मुलाला शेजारी बसवा आणि प्रत्येक ओळीवर त्यालाच विचारा: "हेच मिळालं तर जाशील ना?" उत्तर नाही असेल तर ती ओळ खोडा. होय असेल, पण तिच्याखालची ओळ जास्त आवडत असेल, तर दोन्हींची अदलाबदल करा. शक्यता आकड्यांवरून मोजता येते, पण चार वर्षे त्या वर्गात त्यालाच बसायचे आहे. त्यामुळे पर्यायांचा क्रम त्याच्या मनाचा असायला हवा.