पत्ता तोच, इमारत नवी : ‘आरॉस’ प्रणालीविषयीचे काही गैरसमज

पावसाळ्यातल्या एका रविवारी नेरुळच्या आमच्या घरी माळ्यावर कित्येक वर्षे पडून असलेला एक नेटबुक मी खाली काढला. अवघ्या एक जीबी मेमरीचे ते यंत्र आजच्या कोणत्याही प्रचलित कार्यप्रणालीच्या हिशेबी बाद झालेले. परंतु पेनड्राइव्हवरून त्यात ‘आरॉस’ सुरू केली, तेव्हा थोड्याच वेळात पडद्यावर तिचे दालन उघडले, माऊसचे उजवे बटण दाबून धरताच वरच्या कडेच्या पट्टीत आज्ञांची यादी उमटली आणि बटण सोडताच ती नाहीशी झाली. शेजारचा अभियांत्रिकीचा विद्यार्थी काही कामासाठी आला होता. तो क्षणभर पाहत राहिला आणि म्हणाला, “काका, हे कुठलं लिनक्स?” लिनक्स नव्हे असे सांगितल्यावर त्याने विचारले, “मग एम्युलेटर आहे का?” तेही नाही म्हटल्यावर जरा दबक्या आवाजात त्याचा तिसरा प्रश्न आला, “म्हणजे पायरेटेड?” हौशी लोकांनी चालवलेल्या या प्रणालीविषयी जे गैरसमज सर्वत्र आढळतात, त्यांतील तीन प्रमुख त्याने अनायासे एकत्र आणून दिले, म्हणून त्याच क्रमाने या विषयाची फोड करणे मला सोयीचे वाटते.

प्रथम थोडी पूर्वपीठिका. २३ जुलै १९८५ रोजी न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमध्ये कमोडोर कंपनीने ‘अमिगा’ नावाचा संगणक लोकांसमोर आणला. स्पॅनिश भाषेत या शब्दाचा अर्थ मैत्रीण असा आहे. सुमारे सात मेगाहर्ट्‌झ गतीचा मोटोरोला ६८००० प्रोसेसर आणि मुळात केवळ २५६ किलोबाइट मेमरी एवढ्या भांडवलावर हे यंत्र एकाच वेळी अनेक प्रोग्राम चालवी, रंगीत हलती चित्रे दाखवी आणि चार वाहिन्यांतून ध्वनी वाजवी. आपल्याकडे ते फारसे पोहोचलेच नाही. त्या दशकात इथल्या ज्या मोजक्या घरांत संगणक शिरला, तिथे पुण्याच्या डेसिबल्स इलेक्ट्रॉनिक्सने बाजारात आणलेल्या स्पेक्ट्रमसारखी यंत्रे होती, आणि अमिगाची ख्याती परदेशी मासिकांच्या पानांवरूनच कानी येई. १९९४च्या एप्रिलअखेरीस कमोडोरचे दिवाळे निघाले. यंत्र बनवणाराच उरला नाही, तेव्हा पुढच्या वर्षी आरोन डिगुल्ला यांच्या पुढाकाराने काही प्रोग्रामरांनी असा संकल्प सोडला, की अमिगाच्या कार्यप्रणालीच्या ३.१ या आवृत्तीत प्रोग्रामांना ज्या ज्या सेवा उपलब्ध होत्या, त्या सर्व स्वतंत्रपणे, कोऱ्या कागदावरून आणि कोणत्याही प्रोसेसरवर नेता येतील अशा रीतीने पुन्हा लिहून काढाव्यात. तीच ही आरॉस.

ती लिनक्सचे वेषांतर नव्हे, हे समजायला आपल्याच सी-डॅकने २००७ साली आणलेल्या ‘बॉस’ प्रणालीचे उदाहरण उपयोगी पडेल. बॉसच्या मुळाशी डेबियन आणि म्हणून लिनक्सचेच केंद्रक आहे. आरॉसच्या मुळाशी मात्र ‘एक्झेक’ आहे, म्हणजे कार्ल सॅसेनराथ यांनी अमिगासाठी घडवलेल्या त्या नावाच्या केंद्रकाचे नवे लेखन. या गैरसमजाला एक सबळ निमित्त आहे, ते असे, की लिनक्सच्या आत पाहुणी म्हणून एका खिडकीत चालण्याचीही सोय आरॉसला आहे आणि विकासक मंडळी चाचणीसाठी तिचा पुष्कळ वापर करतात, त्यामुळे ज्याने ती केवळ या रूपात पाहिली त्याला ती लिनक्सची आश्रित वाटणे स्वाभाविक आहे. माझ्या नेटबुकवर ती यजमानाविना थेट यंत्रावर चालत होती.

एम्युलेटरचा प्रश्न अधिक खोल आहे, आणि तो समजावण्यासाठी मला वाशीला जावे लागेल. वाशीच्या जुन्या सेक्टरांत सध्या सिडकोकालीन इमारती पाडून त्यांच्या जागी उंच मनोरे उभे राहत आहेत. भिंती, जिने, पाण्याच्या टाक्या, सारे बदलते. परंतु सेक्टर आणि प्लॉट क्रमांक जुनाच राहतो, आणि टपाल घेऊन येणाऱ्या माणसाला इमारत कोणी व कशी बांधली याची पृच्छा करावी लागत नाही. अमिगाच्या लायब्ररींची व्यवस्था नेमकी अशी आहे. प्रत्येक लायब्ररीचा एक मूळ पत्ता असतो आणि तिच्यातील प्रत्येक सेवा त्या पत्त्याच्या मागे ठराविक अंतरावर, ६८००० प्रोसेसरवर सहा-सहा बाइटांच्या पायऱ्यांनी, मांडलेली असते: मेमरी मागायची असेल तर एक्झेकच्या पत्त्यापासून उणे १९८ वर जायचे, नवी लायब्ररी उघडायची असेल तर उणे ५५२ वर. प्रोग्राम त्या क्रमांकाचे दार ठोठावतो. दारामागे कमोडोरने लिहिलेली आज्ञावली आहे की आरॉसच्या स्वयंसेवकांनी लिहिलेली, हे त्याला ठाऊक नसते आणि ठाऊक असण्याची गरजही नसते. एम्युलेटर हा दुसऱ्या यंत्राची, त्याच्या प्रोसेसरची व चिपांची, हुबेहूब नक्कल करतो. आरॉस कोणत्याही यंत्राची नक्कल करत नाही. ती दारांचे क्रमांक सांभाळते.

यातूनच एक उलट गैरसमज निपजतो, की आरॉस पीसीवर घातली म्हणजे जुने सारे अमिगा प्रोग्राम आणि खेळ आपोआप चालू लागतील. तसे होत नाही. ६८००० ची यंत्रभाषा इंटेलच्या प्रोसेसरला कळत नाही, आणि मोठ्या संख्येचे बाइट मेमरीत मांडण्याचा क्रमसुद्धा दोघांचा परस्परविरुद्ध आहे. म्हणून पीसीवरील आरॉससाठी प्रोग्रामचा मूळ मजकूर नव्याने कंपाइल करावा लागतो, आणि तो मजकूर नसेल तर एम्युलेटरचा आश्रय घ्यावाच लागतो. ६८०००च्या वंशातील यंत्रांसाठी आरॉसची जी आवृत्ती आहे, तिच्यावर मात्र कार्यप्रणालीच्या सेवा सरळ मार्गाने वापरणारे जुने प्रोग्राम जसेच्या तसे चालवणे हेच उद्दिष्ट आहे. खेळांची गोष्ट निराळी. त्यांतले बरेचसे वेगासाठी कार्यप्रणालीला बाजूला सारून ॲग्नस, डेनिस आणि पॉला या अमिगाच्या खास चिपांनाच हात घालत, आणि जिथे त्या चिपाच नाहीत तिथे दारांचे क्रमांक कितीही निष्ठेने जपले तरी उपयोग नाही.

आता मालकीहक्काची बाब. अमिगाच्या कार्यप्रणालीतील ‘किकस्टार्ट’ हा मूळ भाग आजही प्रताधिकाराखाली आहे आणि त्याची परवानगीवाचून नक्कल करणे गैरच आहे. आरॉसमध्ये त्याची एक ओळही घ्यायची नाही हा तिचा पायाभूत दंडक. सेवांची नावे, क्रमांक आणि वर्तन यांचे तपशील तर अमिगाच्या अधिकृत संदर्भग्रंथांतून त्या काळीच प्रसिद्ध झालेले होते. आपल्या १९५७च्या प्रताधिकार कायद्याच्या कलम ५२ मध्ये १९९९च्या दुरुस्तीने एक तरतूद आली: स्वतंत्रपणे निर्मिलेला प्रोग्राम इतरांशी जुळावा म्हणून जी माहिती आवश्यक आहे आणि जी अन्य मार्गाने सहज मिळत नाही, ती कायदेशीर प्रतीतून मिळवण्यासाठी केलेली कृती हा भंग मानू नये. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही २०२१ साली गूगल व ओरॅकल यांच्या दाव्यात जावाच्या सेवांची मांडणी नव्या लेखनासाठी वापरणे हा न्याय्य वापर ठरवला. आरॉसचा स्वतःचा परवाना मोझिलाच्या परवान्यावर बेतलेला असून तिची प्रत कोणालाही घेता, अभ्यासता आणि बदलता येते; तिने बनवलेला किकस्टार्टचा पर्याय अमिगाच्या एम्युलेटरांसोबत विनाशुल्क वाटला जातो, त्यामुळे उलट ज्यांच्याजवळ मूळ किकस्टार्ट नाही त्यांना गैरमार्गाला जावे लागत नाही. मी त्या मुलाला हे सांगितले, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचा संकोच गेला.

जो गैरसमज मला सर्वांत घातक वाटतो तो मात्र टीकाकारांचा नसून चाहत्यांचा आहे. इतकी चपळ, आटोपशीर प्रणाली, म्हणजे ती भक्कम आणि सुरक्षितही असणार, असे ते धरून चालतात. वस्तुस्थिती अशी, की तिची चपळाई आणि तिचा नाजूकपणा एकाच मुळातून आलेले आहेत. अमिगाच्या रचनेत संपूर्ण मेमरीत कायमचा असा एकच पत्ता, क्रमांक ४ चा. तिथे एक्झेकचा ठावठिकाणा लिहिलेला असतो आणि बाकी सगळे त्यावरून शोधत जायचे. सर्व प्रोग्राम एकाच सामायिक मेमरीत राहतात. एका प्रोग्रामने दुसऱ्याला निरोप धाडला, तर कागदाची नक्कल होत नाही. कागद कुठे ठेवला आहे तेवढे कळवले जाते आणि दुसरा तो तिथेच जाऊन वाचतो. नकलेचा खर्च वाचल्यामुळे वेग येतो, परंतु कोणत्याही प्रोग्रामला कोणाच्याही कागदावर खाडाखोड करता येते. आधुनिक प्रणाली प्रत्येक प्रोग्रामभोवती जी तटबंदी उभारतात ती इथे घालावी, तर परक्या पत्त्यावर जाऊन वाचण्याची जुनी वहिवाटच बंद पडते आणि ज्या प्रोग्रामांसाठी हा खटाटोप मांडला तेच मोडतात. त्या रविवारीच चित्रे दाखवणारा एक छोटा प्रोग्राम चुकला आणि त्याच्याबरोबर सगळे यंत्र गोठले. शेजारच्या खिडकीत मी लिहीत असलेले टिपण जतन केलेले नव्हते, ते गेले. अमिगाच्या काळी अशा प्रसंगी काळ्या पडद्यावर लाल चौकट लुकलुके आणि तीत ‘गुरू मेडिटेशन’ हे शब्द उमटत. निरनिराळ्या वापरकर्त्यांना वेगळे ठेवण्याची व्यवस्थाही मूळ रचनेत नाही. तेव्हा बँकेचे व्यवहार, कार्यालयाचे दप्तर किंवा ज्याची दुसरी प्रत नाही असे काहीही आरॉसवर ठेवू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

“तीस वर्षे झाली, अजून काम चालूच? म्हणजे प्रकल्प मेलेला दिसतो,” हा आणखी एक अभिप्राय. त्यामागे मोठ्या कंपन्यांच्या समारंभपूर्वक निघणाऱ्या आवृत्त्यांची सवय आहे. आरॉसचा मूळ मजकूर गिटहबवर खुला आहे आणि त्यातून चाचणीसाठीच्या प्रती स्वयंचलित रीतीने बनत असतात. प्रगतीच्या नोंदी वाचायच्या त्या मोठ्या क्रमांकाकडे डोळे न लावता, कोणत्या ग्राफिक्स चिपचा ड्रायव्हर सुधारला, कोणती सेवा मूळ वर्तनाशी जुळली, कोणती आधी चालणारी गोष्ट नव्या बदलाने बिघडली, अशा बारीक तपशिलांसाठी. ६४ बिटी शाखेत एकाहून अधिक कोअर वापरण्याचे काम प्रायोगिक स्वरूपात झालेले आहे. सामान्य माणसाच्या हाती प्रणाली येते ती इटलीच्या पाओलो बेसर यांच्या ‘इकारोस डेस्कटॉप’सारख्या किंवा ‘आरॉस वन’सारख्या तयार संचांतून, आणि इथे एक सावधगिरी हवी: ३२ बिटी पीसीसाठीच जुनी आणि नवी अशा दोन परस्परांशी न जुळणाऱ्या द्विमान मांडण्या आहेत, म्हणून एका संचासाठी बनलेला प्रोग्राम दुसऱ्यावर न चालल्यास दोष प्रोग्रामचा समजू नये. खरी गती अडते ती ड्रायव्हरांपाशी. माझ्या नेटबुकचे वाय-फाय चालले नाही, केबल जोडल्यावर जाळे मिळाले. चिप बनवणाऱ्याने माहिती दिली नाही, तर फावल्या वेळात काम करणाऱ्या माणसाला ती महिनोन्‌महिने उकरून काढावी लागते, आणि या श्रमाची बूज न राखता आळसाचा ठपका ठेवणे मला अन्यायाचे वाटते.

शेवटी आपल्या भाषेचा प्रश्न, जो त्या मुलाने विचारला नाही पण माझ्या मनात होता. पेनड्राइव्हवरच्या एका फाइलमध्ये मी ‘नेरुळ’ एवढाच शब्द लिहून आणला होता. आरॉसच्या मजकूरदर्शकात ती उघडली, तेव्हा डोक्यावर तिरका फटकारा असलेला लॅटिन ‘ए’ पाच वेळा, आणि प्रत्येकामागे काही अनोळखी चिन्हे, असा ऐवज दिसला. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह युनिकोडच्या प्रचलित लेखनात तीन बाइट घेते, म्हणजे न, मात्रा, र, उकार आणि ळ मिळून पंधरा; अमिगाच्या जगात मात्र एक बाइट म्हणजे एक अक्षर. यावरून अशा प्रणालीत मराठी कधी येणेच शक्य नाही असा निष्कर्ष काढतात, तोही घाईचा आहे. भारतीय लिपींसाठी १९९१ साली प्रमाणित झालेला इस्की संकेत आठ बिटांचाच आहे, आणि त्यात हाच शब्द पाच बाइटांत बसतो. राहिला प्रश्न आकाराचा, कारण र ला लागलेला उकार इतर अक्षरांसारखा पायाशी न बसता कमरेशी बसतो, आणि जोडाक्षरांचे नियम तर याहून कितीतरी गुंतागुंतीचे. परंतु खारघर स्थानकासमोर आज जे सी-डॅकचे केंद्र आहे, त्याची पूर्वज संस्था एनसीएसटी हिने २०००च्या सुमारास ‘इंडिक्स’ प्रकल्पात लिनक्सच्या खिडक्या रेखाटणाऱ्या थरातच हे नियम घातले होते, जेणेकरून वरच्या प्रोग्रामांना हात न लावता सर्वत्र देवनागरी उमटावी. आणि त्याच संस्थेत सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी देवनागरीचे फॉन्ट रेखले. अमिगाच्या ग्राफिक्स लायब्ररीत अक्षरे काढणारे दार उणे ६० वर आहे आणि ती किती जागा व्यापतील हे मोजणारे दार त्याच्या शेजारी, उणे ५४ वर. या दोन प्लॉटांवर नवी इमारत बांधायची आणि रु च्या उकाराची रुंदी दोन्ही घरांत तंतोतंत एकच धरायची. एरवी शब्द उमटेल, पण कर्सर ळ च्या पोटात जाऊन उभा राहील.