परदेशची भट्टी, आपली माती

ठाकूरद्वारहून चालत जाण्याजोग्या अंतरावर मुंबईचा कुंभारवाडा आहे. तिथले नाव ऐकले की मनात एक साधा प्रश्न येतो. माठात पाणी गार राहते, मग त्याच माठात आपण लोणचे का घालीत नाही?

माठाची माती मंद आचेवर भाजलेली असते. तिला बारीक छिद्रे राहतात; त्यांतून पाणी पाझरते, सुकते आणि माठ गार होतो. लोणच्याची बरणी मात्र सुमारे १२०० अंशांच्या वर भाजतात. तिच्यावर काचेसारखा थर असतो, त्याला झिलई म्हणतात. गारगोटी, फेल्डस्पार नावाचा दगड आणि चुनखडी किंवा राख यांची पूड वितळून ती तयार होते.

ही विद्या शिकायला आपली माणसे दूर गेली. दिल्लीचे गुरुचरण सिंग १९१९ मध्ये जपानला गेले. १९२८ साली जन्मलेल्या निर्मला पटवर्धन शांतिनिकेतनात शिकल्या, मग जर्मनीत श्टुटगार्टला. पुढे इंग्लंडमध्ये बर्नार्ड लीच यांच्या कार्यशाळेत त्यांनी काम केले. लीच स्वतः जपानात मातीकाम शिकले होते. १९२० मध्ये हामादा या जपानी कारागिराला सोबत घेऊन त्यांनी सेंट आइव्ज गावी भट्टी उभारली. म्हणजे गुरूही एके काळी परदेशी विद्यार्थीच होता!

आता तुम्ही विचाराल, तिकडून आणायचे काय? भांड्याचा घाट? तो तर चित्र पाहूनही उचलता येतो. बरे, झिलईचे माप जसेच्या तसे आणावे, तर तिकडचा दगड वेगळा, राख वेगळी; इथे ते माप फसते. आणायची असते ती पारखण्याची रीत. तांबे घातलेली झिलई भट्टीत मोकळी हवा असली तर हिरवी निघते. हवा कोंडली तर तीच तांबडी होते. हे एकदा उमगले, की आपल्या मातीवर नवे प्रयोग करता येतात.

पूर्वी कारागीर झिलईची मापे जिवापाड लपवीत. मालक गेला की विद्याही गेली. निर्मलाबाईंनी मात्र आपली मापे कुंभारांसाठी पुस्तक लिहून छापली. परदेशच्या शिक्षणाचे हे खरे फळ.

गुरुजनहो, गावच्या कुंभाराकडे मुलांना जरूर न्या. माती कुठली, आच किती, राख कशाची, हे त्यांना विचारू द्या आणि वहीत लिहून ठेवू द्या. ती वही कुंभारदादांच्याही उपयोगी पडेल.