रक्ताचा कारखाना आणि कुत्र्यांचे ऋण

हाडांच्या पोकळीतील मज्जेत मूलपेशी असतात व त्या जन्मभर रक्त तयार करीत राहतात. रक्ताच्या कर्करोगात हा कारखानाच बिघडतो. तो औषधांनी व किरणांनी बंद पाडून दुसऱ्याच्या मूलपेशी शिरेवाटे चढवणे, असा हा उपचार. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात तो १९८३ साली प्रथम झाला. आम्ही कला शाखेचे, नोकरी बँकेतली. तरी त्यामागची हकिगत वाचकांपुढे ठेवावीशी वाटते.

१९५७ साली अमेरिकेत डॉ. डॉनल थॉमस यांनी सहा रुग्णांना परक्याची मज्जा दिल्याचे प्रसिद्ध केले. सहाही जण दगावले. पुढे बहुतेक डॉक्टरांनी हा नादच सोडला. उंदरांत मात्र १९५१ सालीच यश आले होते. मग माणसांत का नाही? प्रयोगशाळेतील उंदीर एका साच्यातून काढल्यासारखे असतात. माणसे तशी नसतात, कुत्रीही नसतात. म्हणून थॉमस कुत्र्यांवर काम करीत राहिले.

बँकेत नमुना सही जुळली नाही तर आम्ही धनादेश परत करतो. शरीरही परक्या पेशी परत करते. पण इथे उलटेही घडते. आलेल्या पेशीच घरधन्याला परका ठरवून त्याची कातडी, आतडी, यकृत पोखरू लागतात! यात रक्तगटाचे काम नाही. पांढऱ्या पेशींवरील ओळखचिन्हे जुळावी लागतात. एका वेतातील पिल्लांत ही चिन्हे जुळवून मज्जा दिली तर कुत्री पुष्कळ अधिक जगतात, हे सिअ‍ॅटलच्या त्यांच्या पथकाने १९६८ साली दाखवले. १९६९ पासून तीच जुळणी पाहून तेथे रुग्णांना भावंडांची मज्जा देण्यात येऊ लागली. थॉमस यांना १९९० साली नोबेल मिळाले.

त्या कुत्र्यांना मारक किरणे दिली जात, हे लपवण्यात अर्थ नाही. प्राणिहिंसेपासून दूर राहण्याचे शील घेणाऱ्यांना हे सहज पचत नाही. आम्हालाही पचले नाही. पण हे काम झाले नसते, तर जुळणीचा धडा आणखी रुग्णांच्या मरणातून शिकावा लागला असता, असे आमचे मत झाले आहे.

सख्ख्या भावंडाशी जुळण्याची शक्यता चारांत एक असते. तपासणीची वेळ आली की पुष्कळ घरांत भाऊ-बहीण कचरतात. मज्जा दिल्याने कायमची कमजोरी येईल असे वाटते. तसे नाही. दात्याची मज्जा काही आठवड्यांत भरून येते, आणि आता तर बहुधा दंडाच्या शिरेतूनच पेशी घेतल्या जातात.