एका गेमचे दहा लाख भूतकाळ

२०१२च्या मार्चमध्ये 'मास इफेक्ट ३' बाजारात आला. तो सुरू करणाऱ्या खेळाडूंच्या पाठीशी किती वेगवेगळे भूतकाळ असू शकत होते? कागदावर मांडून पाहिलं तर १०,४५,२४८. आणि हा आकडा हात आखडता घेऊन काढलेला आहे.

हिशेब असा. कॅनडातल्या एडमंटन शहरातल्या बायोवेअर कंपनीने या मालिकेचा पहिला भाग २००७मध्ये काढला, दुसरा २०१०मध्ये. खेळाडू कमांडर शेपर्डच्या भूमिकेत शिरून निर्णय घेतो आणि आपली सेव्ह फाइल पुढच्या भागात घेऊन जातो. दुसऱ्या भागाच्या अखेरीस जी मोहीम आहे, तिला खेळाडू 'सुसाइड मिशन' म्हणतात. डीएलसीमधले, म्हणजे नंतर वेगळ्या मिळालेल्या जोड-भागांतले, दोघे धरून १२ साथीदार, आणि त्यातला प्रत्येक जण जगू किंवा मरू शकतो. दोनाचा बारावा घात ४,०९६. त्यातून १३ शक्यता वजा करायच्या, कारण दोनपेक्षा कमी साथीदार वाचले तर शेपर्डही मरतो आणि ती फाइल पुढे नेताच येत नाही. उरल्या ४,०८३.

आता दोन्ही भागांतले आठच मोठे निर्णय घेऊ. रेक्स जगला की मेला. रॅक्नाय राणीला सोडलं की संपवलं. व्हर्मायर ग्रहावर ॲशलीला वाचवलं की केडनला. कौन्सिल वाचली का. मानवांचा प्रतिनिधी म्हणून अँडरसन की उडिना. मेलनचं संशोधन ठेवलं की पुसून टाकलं. फुटीर गेथ यंत्रांची मनं बदलली की त्यांचा नाश केला. आणि शत्रूचा तळ उडवला की ताब्यात ठेवला. आठ निर्णय, दोन-दोन वाटा, म्हणजे २५६. त्याला ४,०८३ने गुणलं की वरचा आकडा येतो. गेमचे नियम यातल्या काही जोड्या जमू देत नाहीत हे खरं, पण प्रेमप्रकरणं आणि वाटेत भेटलेली असंख्य छोटी माणसं मी मोजलेलीच नाहीत.

यातल्या प्रत्येक भूतकाळाला एकेक मिनिटाचं दृश्य द्यायचं ठरवलं, तर ते सगळं न थांबता पाहायला ७२५ दिवसांहून जास्त लागतील. जवळजवळ दोन वर्षं.

दुपटीचा हा वेग माणसाच्या अंदाजात बसत नाही. १० निर्णयांत १,०२४ वाटा, २० निर्णयांत १०,४८,५७६. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त संख्यांची नावं एकापासून चढत चढत परार्धापर्यंत जातात. परार्ध म्हणजे एकावर १७ शून्यं. ते ओलांडायला अवघे ५७ निर्णय पुरतात. बायोवेअरच्याच 'ड्रॅगन एज' मालिकेसाठी २०१४मध्ये 'ड्रॅगन एज कीप' नावाची वेबसाइट निघाली. जुन्या भागांत आपण काय काय केलं, ते तिथे एकेक करून नोंदवता येई. असे ३०० निर्णय धरले तर शक्यता होतात दोनावर ९० शून्यं, इतक्या. दिसू शकणाऱ्या विश्वातल्या अणूंची संख्या साधारण एकावर ८० शून्यं इतकी मानतात. म्हणजे प्रत्येक अणूच्या वाट्याला २,००० कोटी भूतकाळ.

आणि एवढं सगळं साठवायला किती जागा लागते? ३८ बाइट. दोन वाटांचा एक निर्णय म्हणजे एक बिट, ३०० निर्णय म्हणजे ३०० बिट, संपलं. संगणकात देवनागरीचं एकेक चिन्ह साधारण तीन बाइट घेतं. काना-मात्रा वेगळ्या मोजल्या, तर एवढ्या जागेत जेमतेम १२ चिन्हं मावतील. लक्षात ठेवण्याला काहीच खर्च नाही. खर्च आहे तो दाखवण्याचा: संवाद लिहायचे, नटांकडून बोलून घ्यायचे, चेहरे हलवायचे, आणि मग सगळं तपासायचं.

त्यामुळे सीक्वेल लिहिणारे वाटा शोधत आले. १९९६च्या 'डॅगरफॉल'ला अनेक शेवट होते आणि ते एकमेकांना छेद देणारे होते. मालिकेतल्या पुढच्या कथनाने सांगितलं की काळच मोडला आणि सगळे शेवट एकदम घडले. 'डेउस एक्स'च्या २००३मधल्या दुसऱ्या भागाने पहिल्या भागाचे तिन्ही शेवट एकत्र कालवले. मला ही युक्ती हुशार वाटते, पण पटत नाही. सगळंच घडलं असेल, तर मी रात्र जागून केलेल्या निवडीला अर्थ काय राहिला? त्यापेक्षा २००४चा 'नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक २' फार शालीन आहे. सुरुवातीच्याच संवादात एक पात्र मागच्या गेमच्या मुख्य पात्राविषयी, रेव्हानविषयी, बोलू लागतं आणि आपण बोलता बोलता त्याला दुरुस्त करतो: पुरुष नव्हे, बाई होती, दुष्ट नव्हे, सज्जन होती. तेवढ्या गप्पांत मागच्या गेमचा शेवट ठरून जातो.

'मास इफेक्ट ३'ने बहुतेक ठिकाणी बदली पात्रांवर भागवलं. टोळीचा सरदार रेक्स मेला असेल तर त्याच्या जागी त्याचा भाऊ रीव्ह. शास्त्रज्ञ मॉर्डिन नसेल तर पॅडॉक विक्स. सांगाडा तोच, माणूस दुसरा. यामागचं गणित असं, की निर्णय एकमेकांपासून सुटे ठेवले तर गुणाकाराची बेरीज होते. २० सुट्या निर्णयांसाठी ४० तुकडे लिहिले की झालं. दहा लाख लिहावे लागत नाहीत. राणीला २००७मध्ये मारलं असलं, तरी २०१२मध्ये तिच्या जागी दुसरी राणी हजर असते, ती याच काटकसरीमुळे. इथे खेळाडू चिडले, आणि माझ्या मते रास्त चिडले.

पण टुचान्का ग्रहावर या लेखकांनी हात मोकळा सोडला. क्रोगन जमातीवर लादलेल्या वंध्यत्वाच्या रोगावर उपाय सापडला आहे. तो खरोखर द्यायचा, की दिल्यासारखं दाखवून आतून निकामी करायचा? रेक्स सरदार असेल आणि तुम्ही दगा दिलात, तर त्याला ते कळतं, तो जाब विचारायला येतो आणि तुमच्यासमोर मरतो. रीव्ह सरदार असेल तर त्याला पत्ताही लागत नाही. मेलनचं याच रोगावरचं संशोधन पुसून टाकलं असेल, तर ईव्ह ही जमातीची शहाणी स्त्री वाचत नाही. मॉर्डिन उपाय पूर्ण करताना प्राण देतो, किंवा तुम्ही त्याला पाठीमागून गोळी घालता. तो जिवंत राहण्याची एकच वाट आहे: ईव्ह गेलेली हवी, सरदार युद्धखोर रीव्ह हवा, आणि तुम्ही मॉर्डिनला पटवायला हवं की या हातांत हा उपाय देऊ नये. म्हणजे तुमचा सर्वांत लाडका शास्त्रज्ञ वाचतो तो तुमचे आधीचे दोन निर्णय वाईट ठरल्यावरच. इथे निर्णय सुटे नाहीत, एकमेकांत गुंतलेले आहेत. इथे गुणाकार खराच करावा लागला, आणि तो केला म्हणूनच पाच वर्षांपूर्वीचं एक बटण अंगावर काटा आणतं. व्हिडिओ गेममधल्या कथालेखनात याहून अवघड काम मी पाहिलेलं नाही.

आकडे पुढे वाढतच गेले. बेल्जियमच्या लॅरियन स्टुडिओजनी २०२३मध्ये 'बाल्डर्स गेट ३'च्या शेवटाचे १७,००० प्रकार आणि १७४ तासांची दृश्यं असल्याचं जाहीर केलं. त्याचा पुढचा भाग आपण करणार नाही, हेही त्यांनी नंतर सांगून टाकलं. उलट बाजूला २०२४चा 'ड्रॅगन एज: द व्हेलगार्ड'. 'कीप'वर ज्यांनी शेकडो निर्णय जपून ठेवले, त्यांना या गेमने मागच्या भागातले तीनच विचारले. मला हे लागलं.  दहा वर्षं वाट पाहिलेल्या वाचकाला, म्हणजे खेळाडूला, तीन निर्णयांत बसवणं ही कंजुषी झाली.

आता नव्या 'मास इफेक्ट'चं काम चालू आहे. बायोवेअरने ते २०२०मध्येच सांगितलं. तिसऱ्या भागाचे चार शेवट एका आकाशगंगेत नांदू शकत नाहीत, कारण एकात सगळी विचार करणारी यंत्रं नष्ट होतात आणि दुसऱ्यात प्रत्येक सजीवाचा यंत्राशी संकर होतो. एकच शेवट खरा धरायचा असेल तर धरावा, पण तो उघडपणे धरावा.

तोवर ज्यांनी ही मालिका खेळलेली नाही त्यांनी २०२१ची 'लेजंडरी एडिशन' घ्यावी, तिन्ही भाग तीत एकत्र आहेत. सुरुवात मात्र पहिल्या भागापासूनच करा. काहीच न निवडता थेट तिसरा भाग उघडलात, तर गेम आपल्या मनाने तुम्हाला एक भूतकाळ देतो, आणि त्यात रेक्स मेलेला असतो.