लग्न ठरवताना व्हिसाचंही बोला

आजचा विषय अमेरिकेत एच-वन-बी व्हिसावर असलेल्या लग्नाळू मुलांसाठी, आणि त्यांच्यासाठी स्थळं बघणाऱ्या घरच्यांसाठीही.

मुलगी भारतात नोकरी करत असेल, तर पत्रिका आणि पगार यांच्याही आधी तिला एक गोष्ट सांगा. लग्नानंतर ती एच-फोर व्हिसावर आली, तर इथे शिकू शकते. पण नोकरी लगेच करता येईलच असं नाही. २०१५ च्या नियमानुसार, तुमच्या ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला आय-१४० अर्ज मंजूर असेल, किंवा त्या प्रक्रियेमुळे तुमचा व्हिसा सहा वर्षांपुढे वाढला असेल, तरच तिला वर्क परमिट मागता येतं.

म्हणून "इथे आल्यावर बघू" म्हणू नका. तुमचा अर्ज कुठवर आलाय, ते पहिल्या दोन-तीन फोनमध्येच सांगा. मग तिला विचारा: मधला काळ पगाराविना चालेल का? शिकायचंय का? की आय-१४० होईपर्यंत थांबूया?

कदाचित ती नकार देईल. तो आज पचवणं सोपं. "मला आधी का नाही सांगितलंस?" या प्रश्नाला लग्नानंतर उत्तर देणं फार अवघड.