नेमकं काय म्हणायलीस?

माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे माझ्या ऱ्हस्व-दीर्घावरून मेसच्या रांगेत कुणी मला अडवणार नाही. मॅडमनी मराठी विभागासाठी लेख मागितला तेव्हा आमच्या खोलीत हशा पिकला होता. त्यात विषय काय, तर इंग्रजीची परीक्षा! पण या परीक्षेत मी जी तोंडावर आपटले, ती गोष्ट मराठीतच सांगण्यासारखी आहे. कारण मला उठवून उभं केलं ते माझ्या रूममेटने. ती उदगीरची आणि दहावीपर्यंत मराठी माध्यमातली.

तर झालं असं. सातव्या सेमिस्टरसाठी बाहेरच्या एका विद्यापीठात जाण्याची योजना नोटीस बोर्डावर लागली. अट एकच जाचक होती, ती म्हणजे आयईएलटीएस या परीक्षेत प्रत्येक विभागात किमान ६.५ बँड हवा. मी म्हटलं, हात्तिच्या! इंग्रजीच ना? पाचवा सेमिस्टर संपल्यावर जाऊन परीक्षा देऊन आले. लिसनिंग ८.५, रीडिंग ८, स्पीकिंग ८ आणि रायटिंग ६.

चौघांची सरासरी येते ७.६२५, ती नियमाप्रमाणे ७.५ धरतात. आईने शेजारी सांगूनही टाकलं. मग मला बाबांना समजावावं लागलं की हे ७.५ आपल्या काही कामाचं नाही, एका सहाने सगळं अडवलंय. फी भरली होती पंधरा हजारांच्या वर. बाबा रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "मग तुला इंग्लिश मीडियमला घातलं ते कशासाठी गं?" ते जास्त लागलं.

आता ज्यांना ही परीक्षा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अॅकॅडेमिक आयईएलटीएसमध्ये रायटिंगला ६० मिनिटं आणि दोन प्रश्न असतात. पहिल्यात आलेख, तक्ता, नकाशा किंवा एखादी प्रक्रिया दाखवणारी आकृती देतात, तिचं किमान १५० शब्दांत वर्णन करायचं. दुसऱ्यात किमान २५० शब्दांचा निबंध. दुसऱ्याचं वजन पहिल्याच्या दुप्पट, त्यामुळे वेळही २० आणि ४० मिनिटं अशी वाटून घ्यायची. आपल्यासारखी मंडळी पहिल्या आलेखातच अर्धा तास रमतात आणि निबंधाचा शेवट ट्रेन पकडल्यासारखा करतात. तपासताना चार गोष्टी बघतात आणि चारींना सारखे गुण असतात: विचारलं त्याचं उत्तर दिलं का, मांडणी सलग आहे का, शब्दसंपदा आणि व्याकरण. म्हणजे आपण ज्याला 'इंग्लिश' म्हणतो ते फक्त अर्ध्या गुणांचं आहे. उरलेले अर्धे विचार आणि मांडणीचे. हे मला फी भरण्याआधी कळलं असतं तर!

निकालानंतर आठवडाभर मी तोंड पाडून बसले होते. रूममेट म्हणाली, चल, दोघी एकच निबंध लिहू, मला तरी सराव होईल. विषय घेतला, 'सरकारने सगळी सार्वजनिक वाहतूक फुकट करावी. तुम्ही या मताशी कितपत सहमत आहात?' चाळीस मिनिटं लावली आणि वह्या बदलल्या.

माझा निबंध सुरू होत होता 'अनादि काळापासून वाहतूक हा मानवी संस्कृतीचा कणा राहिला आहे' अशा थाटात. मग एका परिच्छेदात फायदे, दुसऱ्यात तोटे, आणि शेवटी नाण्याला दोन बाजू असतात हे वाक्य. शाळेत अशा निबंधाला सिस्टरकडून 'व्हेरी गुड' मिळायचं. 'प्लेथोरा' हा शब्द दोनदा होता, त्यातल्या एका ठिकाणी चुकीचा. रूममेटने सगळं वाचलं आणि अगदी निरागसपणे विचारलं, "छान आहे गं. पण ह्यात तू नेमकं काय म्हणायलीस? फुकट करावं का नाही?"

मी वही हातात घेऊन शोधलं. खरंच कुठे नव्हतं! प्रश्न होता 'कितपत सहमत' आणि मी सहमत की असहमत हे २९० शब्दांत एकदाही सांगितलं नव्हतं.

तिचा निबंध मी लाल पेन घेऊन वाचायला बसले. 'द' सहा ठिकाणी गाळलेला, एका ठिकाणी क्रियापद चुकलेलं. पण पहिल्याच परिच्छेदात मत होतं: भाडं स्वस्त करा, फुकट करू नका, आधी गाड्या वाढवा. पुढे तिने लिहिलं होतं की मार्च २०२३ पासून महाराष्ट्रात एसटीने बायकांना अर्धं तिकीट केलं. तिची आई आधी पंधरा दिवसांतून एकदा बाजाराला जायची, ती आता दर आठवड्याला जाते. म्हणजे भाडं कमी झालं की लोक बाहेर पडतात, हे खरं. पण संध्याकाळच्या परतीच्या गाडीत आता पाय ठेवायला जागा नसते आणि त्यानंतर गाडीच नाही. तिकीट आणखी कमी केल्याने एकही गाडी वाढणार नाही. म्हणून पैसा आधी गाड्यांवर खर्चावा. बस्स. साधी साधी वाक्यं, पण प्रत्येक वाक्य आधीच्या वाक्याचा हात धरून आलेलं.

आम्ही दोन्ही निबंध नावं न टाकता कम्युनिकेशन स्किल्सच्या सरांना दाखवले. बँड कसे देतात त्याचा तक्ता परीक्षा घेणाऱ्यांनीच जाहीर केलेला आहे, सरांनी त्यावरून तपासले. तिचा माझ्यापेक्षा अर्धा बँड वर. मी दोन दिवस तिच्याशी नीट बोलले नाही. (वाच हे, उदगीरकर! सॉरी.)

त्या तक्त्यात सहा आणि सात यांच्यातला फरक वाचण्यासारखा आहे. सातसाठी लेखकाची भूमिका स्पष्ट दिसायला हवी. सहाच्या रकान्यात जोडशब्दांच्या यांत्रिक वापराचा उल्लेख आहे, आणि तो वाचून मला कुणीतरी आरशासमोर उभं केल्यासारखं वाटलं. प्रत्येक वाक्याच्या दाराशी मी एक 'मोरओव्हर' नाहीतर 'फरदरमोर' वॉचमनसारखा उभा केला होता. क्लासवाले पाठ करायला देतात ते साचेही असेच. तपासणारा दिवसाला कितीतरी पेपर बघतो, पाठ केलेलं वाक्य त्याला वासावरून कळतं. शिवाय प्रश्नातली वाक्यं जशीच्या तशी उतरवली तर ते शब्द मोजणीत धरत नाहीत, त्यामुळे तो शॉर्टकटही बंद.

मग आमची पद्धत ठरली. पहिली पाच मिनिटं लिहायचं नाही. प्रश्न वाचायचा आणि त्याचं उत्तर एका मराठी वाक्यात मोठ्याने म्हणायचं. परीक्षेत मनातल्या मनात. 'फुकट नको, स्वस्त करा, कारण खरी अडचण गाड्यांची आहे.' असं वाक्य येत नसेल तर आपल्याकडे मतच नाही, नुसते शब्द आहेत. मराठीत मला फुगवून बोलता येत नाही, तेवढी माझी मराठी चांगलीच नाही. त्यामुळे लबाडी लगेच पकडली जाते! मत एकदा सापडलं की इंग्रजी वाक्य मात्र नव्याने बांधायचं, मराठीचं शब्दशः भाषांतर करायचं नाही. नंतर दोन कारणं, प्रत्येकाला एक उदाहरण, आणि त्या उदाहरणावरून 'म्हणून काय' हे सांगणारं एक वाक्य. स्वतःच्या अनुभवातलं उदाहरण चालतं, तसं प्रश्नपत्रिकेतच लिहिलेलं असतं. अमेरिकेतल्या कुठल्यातरी सर्व्हेचे आकडे बनवून घालण्यापेक्षा उदगीरची एसटी शंभर पटीने बरी.

प्रश्न मात्र दोनदा वाचा. 'दोन्ही मतांची चर्चा करून स्वतःचं मत द्या' यात तीन कामं आहेत. त्यातलं एक राहिलं तर इंग्रजी कितीही सुंदर असो, गुण अडकतात.

आलेखाच्या प्रश्नात आपण इंजिनिअरिंगवाले खरं तर राजे असायला हवेत. पण मी तिथेही माती खाल्ली. मी काय केलं, तर ऑब्झर्वेशन टेबल वाचून दाखवल्यासारखे सगळे आकडे ओळीने लिहिले आणि वर ते का वाढले याची कारणंही माझ्या मनाने दिली. कारणं कुणी विचारलेलीच नसतात. हवं असतं ते एकूण चित्र: काय वाढलं, काय घटलं, सगळ्यात मोठा फरक कुठे आहे. जर्नलमध्ये शेवटी 'रिझल्ट' लिहितो ना, तसं. ते दोन वाक्यांत वरच लिहायचं आणि मग सारखे वागणारे आकडे एकत्र बांधून मोजकेच द्यायचे. प्रक्रियेची आकृती आली तर खुशाल हसा. 'द सोल्यूशन वॉज हीटेड' छापाची कर्मणी वाक्यं आपण पहिल्या वर्षापासून जर्नलात उतरवत आलोय, मित्राच्या जर्नलातून का होईना! फक्त इथे प्रक्रिया नेहमीचीच असते, म्हणून 'वॉज'च्या जागी 'इज'.

व्याकरणाबद्दल घाबरणाऱ्यांसाठी. मराठीत 'अ' आणि 'द' ही भानगडच नाही, म्हणून ते गळतात, यात आपल्या अकलेचा दोष नाही. शेवटची पाच मिनिटं राखून ठेवा आणि फक्त तीन गोष्टी शोधा: आर्टिकल, अनेकवचनाचा 'एस', आणि कर्त्याप्रमाणे क्रियापद. 'इन्फर्मेशन'ला आणि 'इक्विपमेंट'ला 'एस' लागत नाही, 'डिस्कस'नंतर 'अबाऊट' नको, 'रिटर्न'नंतर 'बॅक' नको. ही चार तर कॉन्व्हेंटवालेही सर्रास करतात, मी साक्षीदार आहे.

एआयकडून निबंध सुधारून घेणाऱ्यांना एकच सांगते. तो निबंध फार सुंदर होतो आणि आपण तिथेच राहतो. चुका दाखव, पण दुरुस्त करू नकोस, असं बजावून विचारलं तर थोडा उपयोग होतो.

आता माझं पुढे काय झालं? संगणकावर परीक्षा दिलेल्यांना २०२३ पासून आपल्याकडे फक्त एकच विभाग पुन्हा देण्याची सोय आहे, पहिल्या परीक्षेपासून ६० दिवसांच्या आत. सगळी विद्यापीठं असा निकाल मानत नाहीत, त्यामुळे आधी मेल करून विचारा. मी विचारलं, हो म्हणाले. मग रोज रात्री स्पेलचेक बंद करून टाइप करायला बसले. परीक्षेच्या पडद्यावर शब्दांची संख्या दिसते, पण चुकलेल्या स्पेलिंगखाली लाल रेघ येत नाही. ऑटोकरेक्टने माझं 'गव्हर्नमेंट'सुद्धा बिघडवून ठेवलं होतं, हे तेव्हा कळलं.

रायटिंगला ६.५ आले. काठावर पास! बाबांनी फोनवर हिशोब केला, अर्ध्या बँडला किती हजार पडले त्याचा, आणि हसले. अर्ज गेला आहे, उत्तर यायचंय.

सध्या शनिवारी रात्री मेसनंतर आम्ही दोघी लेडीज हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये चाळीस मिनिटं लावून बसतो, रेक्टर मॅडमनी साडेदहापर्यंत परवानगी दिली आहे. येताना घड्याळ आणि पेन घेऊन या, विषय आम्ही देऊ. निबंध ती तपासते. मी फक्त आर्टिकल्स बघते.